साडेबाराचा मुहूर्त

"साडेबाराच्या आत शुद्धीवर आला पाहिजे," दिनकरराव नलवडे म्हणाले. "एक वाजता पंगती बसणार आहेत."

मी वर बघितलं नाही. समोर स्ट्रेचरवर त्यांचा मुलगा संग्राम आडवा पडला होता आणि मिनिटाला सहा वेळा श्वास घेत होता. प्रत्येक श्वासाला घशातून घरघर यायची, मग सगळं थांबायचं, इतका वेळ थांबायचं की आता पुढचा येतच नाही असं वाटायचं. ओठ जांभळे पडले होते. शर्टाच्या पुढच्या भागावर उलटी वाळून चिकटली होती, आदल्या रात्रीच्या बिर्याणीची शितं अजून ओळखू येत होती. पँट ओली होती. आणि या सगळ्यावर कुणीतरी भरपूर अत्तर शिंपडलं होतं.

अत्तर त्याच्या आईनं शिंपडलं होतं. जरीची साडी नेसून, केसांत गजरा माळून ती दाराशी उभी होती आणि हातात हँगरला अडकवलेली मोतिया रंगाची शेरवानी होती, प्लास्टिकच्या पिशवीसकट.

"घोरत होता चांगला," ती मला सांगत होती. "पहाटे मित्रांनी आणून सोडला. म्हटलं, झोपू दे. दमला असेल. आठला आंघोळीला उठवायला गेले तर डोळेच उघडेना."

"ते घोरणं नव्हतं," मी म्हटलं. "जीभ मागं पडून श्वास कोंडत होता."

त्या वर्षी मी सव्वीस वर्षांची होते. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात तीस खाटांच्या खाजगी दवाखान्यात कॅज्युअल्टी सांभाळत होते. रविवारची सकाळ होती, घड्याळात आठ चाळीस झाले होते. माझ्याबरोबर सिस्टर लोंढे होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, पंचवीस वर्षांत सगळं बघून झालेल्या. मी त्याचा जबडा दोन्ही हातांनी पुढे ओढून धरला. सिस्टरनी न सांगता तोंडात नळी सरकवली, मास्क लावला, फुगा दाबायला घेतला. बोटाला लावलेलं यंत्र बहात्तर दाखवत होतं. ते हळूहळू चढायला लागलं.

मी त्याच्या पापण्या उचलून टॉर्च मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"काय घेतलंय यानं?"

"मित्रांत थोडी बिअर," दिनकरराव म्हणाले. त्यांची ट्रॅक्टरची एजन्सी होती, गावात वजन होतं. "साखरपुड्याच्या आदल्या रात्री पोरं बसतातच की. आणि बाहेरचं खाणं बाधलं असणार."

"बिअरनं बाहुल्या अशा होत नाहीत."

"मॅडम, तुम्ही उपचार करा. चौकशा नंतर."

त्यांच्यामागे एक तरुण उभा होता. नवा कुडता, लाल डोळे. संग्रामचा मित्र, निलेश. मी त्याला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. तो भिंतीकडे बघत राहिला.

"हे बघ, मी पोलीस नाही. काय घेतलंय ते कळलं नाही तर मी आंधळ्यासारखी औषधं देत बसेन, आणि तो जाईल."

"माझं नाव नको यायला."

"नाही येणार."

"झोपेच्या गोळ्या," तो म्हणाला. "आणि ते खोकल्याचं औषध. दुखण्यावरच्या कॅप्सूल पण होत्या. वरनं व्हिस्की."

"किती?"

"मोजलं नाही कुणी." त्यानं नाक पुसलं. "तो रोजच घेतो, मॅडम. तीन वर्षं झाली. त्याला चढत नाहीत म्हणून जास्त घेतल्या. मग पडला तेव्हा आम्ही त्याच्यावर पाणी ओतलं. मीठ पाजलं. हसत होतो आम्ही. वाटलं, नाटक करतोय."

"किती वाजता?"

"दोन असतील."

म्हणजे हा मुलगा दोन वाजल्यापासून असा पडला होता. पहाटेपर्यंत मित्र हसत होते आणि आठपर्यंत आई झोपू देत होती. निलेशच्या तोंडाचा शिळा वास माझ्या नाकात गेला आणि मी एक पाऊल मागं सरकले. खोटं कशाला सांगू, असल्या पेशंटांची मला आधीपासून किळस होती. शेतात फवारायचं औषध पोटात गेलेला माणूस आला की माझे हात धावायचे. असला कुणी आला की हात चालायचे, पण मन नाक मुरडून लांब उभं राहायचं.

मी बाहेर येऊन अफूच्या जातीच्या औषधांवरचा उतारा शिरेतून थोडा थोडा दिला. दोन-तीन मिनिटांत श्वास सहावरून बारावर आला. ओठांचा रंग पालटला. तो कण्हला, हात हलवला, आणि पुन्हा गाढ झोपला.

"झालं," मी नलवड्यांना सांगितलं. "श्वास लागलाय. खोकल्याच्या औषधाचा भाग उतरलाय. आता झोपेच्या गोळ्यांचा अंमल आपोआप उतरू द्यायचा. आम्ही शेजारी बसून श्वासावर लक्ष ठेवणार. संध्याकाळपर्यंत जागा होईल."

"संध्याकाळ?" त्यांनी घड्याळ बघितलं. "मुलीकडची दीडशे माणसं सांगलीहून निघालीत."

"त्यांना सांगा तब्येत बरी नाही म्हणून."

संग्रामची आई पुढे आली. तिनं शेरवानी सलाइनच्या स्टँडला अडकवली. "ताई, असं करू या का? न्हाव्याला बोलावते. झोपल्या झोपल्या दाढी करून घेतो. म्हणजे तेवढा वेळ वाचेल."

सिस्टर लोंढ्यांनी शेरवानी उचलून तिच्या हातात परत दिली.

दहाच्या सुमाराला सर आले. डॉक्टर जाधवर. दवाखाना त्यांचा होता. दिनकररावांनी त्यांना खोलीत नेलं, दार बंद झालं, आणि पंधरा मिनिटांनी सर माझ्यापाशी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एखादं अवघड काम सोपं करून टाकल्याचा भाव होता.

"अगं, गोळ्यांवरचा उतारा आहे ना आपल्याकडे? भूल उतरवायला आणलेलं इंजेक्शन. दे की ते."

"सर, तो तीन वर्षं रोज घेतोय. ते अचानक तोडलं तर फिट येईल. त्यात त्या कॅप्सूल, त्यांनीही येते. श्वास चांगला चाललाय, मग गरज काय?"

"अर्ध्या मात्रेत दे. सावकाश."

"पण सर..."

"मी सांगतोय ना?" त्यांनी केसपेपर उचलला. "आणि इथं गॅस्ट्रो लिहायचं. फूड पॉयझनिंग. उगाच पोलिसांना कळवायला नको. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

सिस्टर लोंढे ट्रे पुसत होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. "मॅडम, मी हे देणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला द्यायचं असेल तर तुम्ही द्या."

मी दिलं. अर्धी मात्रा, सावकाश, घड्याळाकडे बघत. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

संग्रामनं डोळे उघडले. छताकडे बघितलं, मग आपल्या आईकडे. "आई," तो म्हणाला. तिला रडू फुटलं. दिनकररावांनी सरांचा हात हातात घेऊन दाबला. "बघा, बघा," सर मला म्हणाले. "पुस्तकातलं सगळंच खरं नसतं."

आई त्याच्या अंगातला शर्ट काढायला लागली होती. एक बाही निघाली होती. तेवढ्यात त्याची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, आणि अख्खं शरीर ताठ झालं. मग झटके सुरू झाले. स्ट्रेचर भिंतीवर आदळायला लागलं. दात जिभेवर बसले, तोंडातून लाल फेस आला. आई ओरडत नव्हती, फक्त त्याची रिकामी बाही दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. सिस्टरनी तिला खांद्याला धरून बाहेर काढलं.

झटके थांबवायचं औषध पहिल्यांदा लागू पडलंच नाही. पडणार कसं? मघाच्या इंजेक्शननं त्याची वाट मीच बंद केली होती. दुसरं दिलं, मात्रा वाढवली. सहा मिनिटं तो झटके देत होता. थांबला तेव्हा श्वासही थांबला होता. मी घशात नळी घातली आणि त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं. माझ्या ॲप्रनवर रक्त, थुंकी आणि बिर्याणी होती.

सर खोलीच्या दारात उभे होते. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "उलट्यांनी सोडियम कमी झालं असणार," ते दिनकररावांना म्हणत होते. "गॅस्ट्रोत होतं असं. आम्ही करतोय सगळं."

तेव्हा मला कळलं की फूड पॉयझनिंग आता फक्त नलवड्यांचं राहिलं नव्हतं. ते आमचंही झालं होतं. सर, दिनकरराव आणि मी, तिघांना एकच शब्द पुरत होता. मी केसपेपर ओढला आणि लिहिलं, गॅस्ट्रो, क्षार कमी झाल्यामुळे झटके. अक्षर चांगलं आलं होतं.

साडेबारा कधी वाजून गेले ते मला कळलं नाही.

दोनच्या सुमाराला मी हात धुवून कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर बसले होते. एक मुलगी एकटीच आत आली. हिरवी साडी, हातात चुडा, पायांत मात्र साध्या चपला, म्हणजे घाईनं निघालेली. ती थेट माझ्याकडे आली.

"तुम्ही डॉक्टर ना? मी स्वरूपा. आज माझा साखरपुडा होता, यांच्याशी."

मी उठायला लागले तर तीच शेजारी बसली.

"बाबा गाडीत आहेत. मी त्यांना म्हटलं, मी एकटी जाऊन येते." तिनं पदर मांडीवर नीट केला. "मी हायस्कूलला गणित शिकवते, मॅडम. मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण एक विचारायचंय. मागच्या महिन्यात आम्ही दोघं जेवायला गेलो होतो. ते बोलता बोलता झोपले. हातात घास होता तसा. मी हलवलं तर हसले, म्हणाले, कामाचा ताण आहे. त्यांच्या आईंना विचारलं, त्याही ताणच म्हणाल्या. आता फोन आला की जेवणातून विषबाधा झाली आणि फिट आली."

मी समोरच्या फरशीकडे बघत होते.

"मला कुणी खरं सांगत नाहीये असं वाटतंय. तुम्ही माझ्याच वयाच्या दिसता, म्हणून विचारते. पोट बिघडल्यानं माणसाला फिट येते का?"

पेशंटबद्दल बाहेर काही सांगायचं नाही हे मला शिकवलेलं होतं, आणि ते बरोबरच होतं. मी म्हणू शकले असते की, मला सांगता येणार नाही, तो जागा झाला की त्यालाच विचारा. तेवढं एक वाक्य. त्यात नियमही मोडत नव्हता आणि ती हुशार होती, त्यातून तिला जे समजायचं ते समजलं असतं.

"येऊ शकते," मी म्हटलं. "खूप उलट्या-जुलाब झाले की शरीरातलं मीठ कमी होतं. मेंदूला सूज येते. मग झटके येतात. तरुण माणसांतही बघितलंय आम्ही."

"आणि ते झोपणं?"

"त्याचा याच्याशी संबंध नसावा. झोप अपुरी असेल."

तिचे खांदे खाली आले. ती इतका वेळ श्वास रोखून बसली होती हे मला तेव्हा दिसलं. तिनं माझा हात धरला, दोन्ही हातांत, आणि बांगड्या माझ्या मनगटाला लागल्या.

"थँक यू, मॅडम. मी उगाच काय काय मनात आणत होते. मलाच लाज वाटतेय." ती उठली. "बाबांना सांगते. ते पुढची तारीख धरायला तयार आहेत, माझंच अडत होतं."

ती गेल्यावर मी परत हात धुतले. सिस्टर लोंढे औषधांच्या कपाटापाशी होत्या, बाकापासून पाच पावलांवर. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्याशी संध्याकाळपर्यंत एकही वाक्य बोलल्या नाहीत, फक्त कामाचे आकडे सांगितले. रक्तदाब इतका, ऑक्सिजन इतका.

साडेपाचला संग्राम स्वतः श्वास घ्यायला लागला. हात दाब म्हटलं की दाबायचा, मान उचल म्हटलं की उचलायचा. मी घशातली नळी काढली. तो खूप खोकला, रडल्यासारखं पाणी डोळ्यांतून आलं. आम्ही त्याचं अंग पुसलं, स्वच्छ कपडे घातले. सकाळपासून त्या चेहऱ्याकडे मी पहिल्यांदाच नीट बघितलं. साधा चेहरा होता. कानशिलापाशी लहानपणच्या खोकेचा व्रण होता.

मी त्याला विचारलं, तारीख काय, तू कुठं आहेस, मी कोण. त्यानं सगळं बरोबर सांगितलं. आवाज फाटलेला होता.

सहाला त्याची आई स्वरूपाला आत घेऊन आली. "ये गं, बोल त्याच्याशी. जरा बरं वाटेल त्याला."

स्वरूपा खाटेशेजारी उभी राहिली. "कसं वाटतंय?"

त्यानं मान हलवली.

"काय खाल्लं होतं असं? डॉक्टर म्हणाल्या, जेवणातून झालं."

संग्रामनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, त्यात राग नव्हता, समजून घ्यायचा प्रयत्न होता, ही बाई असं का म्हणाली असेल. मग तो तिच्याकडे वळला.

"जेवण नाही," तो म्हणाला. एकेक शब्दाला त्याला थांबावं लागत होतं. "गोळ्या होत्या. झोपेच्या. आणि खोकल्याचं औषध. तीन वर्षं घेतोय. काल जास्त झालं."

"अरे, काय बडबडतोस?" आई पुढे झाली. तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवायला हात उचलला होता. "भ्रमात आहे हो अजून. औषधाचा अंमल." ती माझ्याकडे वळली. "ताई, सांगा की हिला. अंमलात काहीही बोलतात ना माणसं?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. दारात सर येऊन उभे राहिले होते, त्यांनी मान किंचित हलवली, हो म्हण, अशी. सिस्टर लोंढे पाठमोऱ्या होत्या. व्हेंटिलेटरची नळी गुंडाळत असलेले त्यांचे हात थांबले होते.

"नाही," मी म्हटलं. "तो पूर्ण शुद्धीवर आहे."

आई मटकन स्टुलावर बसली. सर निघून गेले. संग्रामनं डोळे मिटले, आणि त्याच्या चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्यासारखं काहीतरी पसरलं.

स्वरूपा त्याला म्हणाली, "बरं केलंत सांगितलंत." अगदी हळू म्हणाली. त्याच्या पायावरची चादर सरकली होती, ती तिनं ओढून नीट केली. मग ती बाहेर निघाली आणि माझ्यापाशी येऊन थांबली.

मला वाटलं ती ओरडेल. तिनं ओरडायला हवं होतं.

"ते नशेत होते," ती म्हणाली. "तुम्ही तर शुद्धीवर होतात ना, मॅडम? दुपारी?"

उत्तरासाठी ती थांबली होती. खरोखर थांबली होती, वर्गात एखाद्या मुलाला वेळ देतात तसा तिनं मला वेळ दिला. मग गेली.

मी टेबलाशी गेले. केसपेपरवरच्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली, वेळ घातली, सहा वाजून वीस. खाली खरं ते लिहिलं. काय घेतलं होतं, कोणता उतारा मी कुणाच्या सांगण्यावरून दिला, त्यानंतर किती मिनिटांनी झटके आले. पोलीस चौकीला कळवायचा कागद भरून वॉर्डबॉय मामांच्या हाती दिला.

सरांनी मला खोलीत बोलावलं. ते रागावलेही नव्हते, दमलेले होते. "सगळं बाहेर पडल्यावर आता कुणासाठी लिहिलंस हे?" त्यांनी विचारलं. "सकाळी लिहिलं असतंस तर मी समजू शकलो असतो."

मला पहिल्या तारखेपासून येऊ नका असं सांगण्यात आलं.

साखरपुडा मोडला. संग्राम महिनाभर मिरजेला उपचारांना होता, परत आल्यावर पुन्हा घसरला, पुन्हा गेला. सिस्टर लोंढ्यांनी एकदा फोनवर सांगितलं, आता सात वर्षं झाली, त्यानं काही घेतलेलं नाही. एजन्सीत बसत नाही, दुसऱ्या गावी गॅरेज चालवतो. स्वरूपाचं मला काही कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

मी आता एका मोठ्या दवाखान्यात आहे. माझ्या हाताखाली शिकाऊ डॉक्टर असतात. पहिली नोकरी का सोडली असं कधी त्यांच्यापैकी कुणी विचारतं. मग मी त्यांना तो साखरपुडा सांगते, शेरवानी सांगते, सरांनी मान हलवली तरी मी नाही म्हटलं ते सांगते, आणि केसपेपरवर रेघ मारून खरं कसं लिहिलं ते सांगते. पोरांना ती गोष्ट फार आवडते. एकदा तर एकीनं टाळ्या वाजवल्या.

त्या गोष्टीत बाहेरचा बाक नसतो. दुपारचे दोन त्यात कधी वाजतच नाहीत.